गाडी आली का?

श्रावणातली गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास माझ्या भाच्याने आपला लॅपटॉप आमच्या माजघरातल्या लाकडी पेटीवर ठेवला, वायर भिंतीतल्या एकुलत्या एका प्लगात खुपसली, दोन-चार ओळी टंकल्या आणि ‘झालं मामा, आता सकाळपर्यंत वाट बघायची,’ असे म्हणून तो जेवायला बसला. बाहेर पाऊस पाटणच्या पावसाप्रमाणे पडत होता. म्हणजे थांबण्याचा विचारही त्याच्या मनात नव्हता. पेटीवरच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटली होती. तिच्याकडे पाहत मी वरणात भात कालवीत राहिलो.

वाट कसली पाहायची होती, ते आधी सांगायला हवे. आमचे आबा एस.टी.चे ड्रायव्हर. सारी नोकरी त्यांनी कऱ्हाड ते चिपळूण या रस्त्यावर, म्हणजे कुंभार्ली घाटाच्या अंगाखांद्यावर काढली. निवृत्तीनंतर 2018 साली, माझा हा भाचा कॉलेजात होता तेव्हा, त्याने एका दुपारी फोन समोर ठेवून आजोबांना बोलते केले. सव्वा तासाचे ते बोलणे होते. पुढे भाचा पुण्याला नोकरीला लागला, फोन बदलले, आणि जुने सगळे फोटो आणि आवाज त्याने क्लाऊडवर टाकून दिले. क्लाऊड म्हणजे मेघ, हे मला मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर ठाऊक होते. पण हा मेघ म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या कोठारात भाड्याने घेतलेला एक कोनाडा, हे त्याने सांगितल्यावर कळले. अ‍ॅमेझॉनच्या या धंद्याची कोठारे 2016 सालापासून मुंबईतही आहेत. त्या कोठाराच्या तळघराला ‘डीप आर्काइव्ह’ म्हणतात. तिथे भाडे अगदी नगण्य, पण ठेवलेली वस्तू मागितल्याबरोबर हाती येत नाही. आधी अर्ज करायचा. मग ती वर काढली जाते. घाईच्या अर्जाला बारा तासांपर्यंत, स्वस्तातल्या अर्जाला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. भाच्याने घाईचा अर्ज केला होता.

अर्ज पोचल्याची पावती लगेच आली होती. तिचा आकडा 202. ‘दोनशे म्हणजे काम झालं, दोनशे दोन म्हणजे अर्ज घेतला, काम व्हायचंय,’ भाच्याने खुलासा केला. मला मोठी मौज वाटली. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता वेतनवाढीच्या किती अर्जांवर मी आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन समाधानाने परतलो असेन! त्यांतले दोनशे किती आणि दोनशे दोन किती, हा हिशेब कोणी मला आधी शिकवला असता तर बरे झाले असते. असो.

तर आता भाच्याचा तो छोटासा प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी मुंबईच्या कोठाराला एकच प्रश्न विचारणार होता: वस्तू वर आली का? आणि कोठार उत्तर देणार होते: विनंतीचे काम चालू आहे, ‘ट्रू’. पुन्हा पंधरा मिनिटे झोप. पुन्हा प्रश्न. या प्रकाराला त्यांच्या धंद्यात ‘पोलिंग’ म्हणतात. मतदानाशी त्याचा संबंध नाही.

पावणेनऊला पडद्यावर दुसरी ओळ उमटली. आणि त्याच सुमारास आतल्या खोलीतून आईने विचारले, ‘गाडी आली का रं?’

भाच्याचा घास हातात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. माझी बायको सवयीने म्हणाली, ‘अजून नाही आई. येईलच.’

हा प्रश्न आमच्या घरात फार जुना आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून तो मीच वाहून नेत आलो. आबांची चिपळूणला मुक्कामाची गाडी असली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला ते घरी यायचे. पावसाळ्यात सातचे साडेसात झाले की आई मला स्टँडवर पिटाळी. स्टँडवर चौकशीची एक खिडकी होती. तिचा चौकोन माझ्या डोक्यापेक्षा उंच. टाचा उंचावून मी विचारायचा, ‘चिपळूण गाडी आली का?’ आत बसलेले कंट्रोलर मान न उचलता म्हणायचे, ‘नाही.’ मी पळत घरी. आई म्हणायची, ‘परत जाऊन ये.’ मी परत पळत. पाच मिनिटांच्या अंतराने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहून सांगितले, ‘बाळ, तू विचारलंस म्हणून गाडी लवकर येत नाही. उलट माझा टेलिफोन घ्यायचा राहतो. पाव तासानं ये.’ माणूस मोठा समजूतदार. त्या वाक्याचे मोल मला या श्रावणात, भाच्याकडून, नव्याने कळले.

कारण भाच्यानेही पहिल्या नोकरीत हेच केले होते. तिथे सर्व्हर तयार करण्याचे काम होते. सर्व्हर मागितला की आधी ‘पेंडिंग’ असे उत्तर येते, मग ‘रनिंग’. याने प्रोग्राम लिहिला: विचार, उत्तर पाहा, पुन्हा विचार. मधली झोप घालायला विसरला. यंत्राला घरी पळत जायचे नसते. क्षणात शेकडो वेळा ते खिडकीशी टाचा उंचावून उभे. शेवटी खिडकीतून आले, ‘मर्यादा ओलांडली’. आणि गंमत अशी की ते उत्तर एकट्या याला मिळाले नाही. कंपनीचे खाते एकच असल्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या मंडळींच्या साध्या चौकशांनाही मिळू लागले. त्या दिवशी त्याला साऱ्यांनी फैलावर घेतले, आणि मग एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने शहाणपण शिकवले: नकार मिळाला की पहिल्यांदा एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, मग आठ. शिवाय त्यात थोडा अदमासाचा, चिठ्ठी टाकल्यासारखा फरक घाल. नाही तर एकाच वेळी नकार मिळालेले सगळे जण एकाच वेळी परत येतात आणि पुन्हा गर्दी करतात.

ही युक्ती क्लाऊडपेक्षा जुनी. 1971 साली हवाई बेटांतल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओने जोडली. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे फुकट जाई. मग प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलायचे. पुढे 1973 साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेटचा जन्म झाला, आणि थांबण्याचा काळ टक्करीगणिक दुप्पट करण्याची रीत तिथे रुजली. भाचा हे सांगताना रंगला होता. मला मात्र आमच्या वर्गातली मुले आठवत होती. ‘सर, मी सांगू? सर, मी सांगू?’ असे चाळीस हात एकदम वर येतात, मी सगळ्यांना खाली बसवतो, आणि पुन्हा चाळीसच्या चाळीस एकदम उठतात. त्यांच्यात तो अदमासाचा फरक घालणारा शिक्षक मला अजून भेटायचा आहे.

‘गाडी आली का?’ आईने विचारले. नऊ वाजून पाच मिनिटे.

आईच्या विसरण्याला 2022 साली नाव मिळाले; त्याआधी आम्ही त्याला वय म्हणत होतो. पण तिचा प्रश्न निव्वळ विसरण्यातून आलेला नाही, असे मला वाटते. 2021च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आबांना न्यायला एक गाडी दारात आली होती. ते स्वतःच्या पायांनी चालत तिच्यात चढले. चढताना सवयीने पुढच्या चाकाकडे एकदा पाहिले. बाराव्या दिवशी रुग्णालयातून मला फोन आला. त्यांचे दर्शन आईला झाले नाही. मला झाले, लांबून, तेही गुंडाळलेल्या स्थितीत. म्हणजे तिच्या बाजूने पाहिले तर माणूस गाडीत बसून गेला आणि गाडी परत आली नाही, एवढीच नोंद तिच्याजवळ आहे. ती विचारते यात चुकीचे काय आहे?

चूक असेल तर ती आमच्या उत्तरात. बहिणीचे मत, खरे सांगावे. मी एकदा सांगितले. आई तेव्हाच विधवा झाल्यासारखी रडली. अर्ध्या तासाने डोळे पुसून तिने विचारले, ‘गाडी आली का?’ तेव्हापासून आम्ही ‘येईल’ म्हणतो. पावसाळ्यात ‘दरड कोसळलीय’ म्हणतो.

त्या रात्री जेवणानंतर भाचा मला एक हुकूम दाखवीत होता. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत या ताटकळत विचारण्यासाठी तयार हत्यार मिळते. त्याला ‘वेटर’ म्हणतात. मी हसलो, कारण वेटर म्हटले की मला खांद्यावर फडके टाकलेला पोऱ्या दिसतो. पण शब्द बरोबर आहे. वाट पाहणारा तो वेटर. सर्व्हर सुरू झाला का, हे तो दर पंधरा सेकंदांनी विचारतो, आणि चाळीस वेळा विचारूनही होकार आला नाही तर हात टेकतो. म्हणजे दहा मिनिटे. डेटाबेस तयार व्हायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिथे अर्धा मिनिट थांबून साठ वेळा. ‘आणि मामा, खरी मेख पुढे आहे,’ भाचा म्हणाला. ‘नुसतं होकाराची वाट बघणारा वेटर कच्चा. उत्तर “टर्मिनेटेड” आलं, की सर्व्हर संपला; तो आता कधीच सुरू व्हायचा नाही. तिथं पुढचे एकोणचाळीस प्रश्न विचारायचे नसतात. लगेच थांबायचं, आणि काम बिघडलं असं मालकाला सांगायचं.’

‘आणि समोरचा खोटं बोलला तर? संपलेला असताना “पेंडिंग” म्हणाला तर?’

‘तसं कोण कशाला करेल?’ तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता गप्प झाला. आतून खाटेची करकर ऐकू आली.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो. हे ध्वनिमुद्रण आईसाठी हवे, असे मी भाच्याला फोनवर सांगितले होते. ते पुरते खरे नव्हते. गेली दोन वर्षे मी घाटातल्या एका ड्रायव्हरची कादंबरी लिहितो आहे. ती ऐन मध्यावर, धुक्यात अडकलेल्या एका गाडीपाशी बंद पडली होती. धुक्यात गाडी कशी काढतात हे आबांनी त्या दुपारी सांगितले होते, एवढे मला आठवत होते. कसे, ते आठवत नव्हते. मला आबांचा आवाज नको होता, त्यांचा मजकूर हवा होता. लेखकाची जात अशी.

आणि दुसरी गोष्ट, जी यापेक्षा जड आहे. आषाढात एका दुपारी मी मुलांची चित्रे तपासत बसलो होतो. आईने दोन तासांत वीस वेळा विचारले असेल. एकविसाव्या वेळी मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. पाव तास गेला, अर्धा तास गेला, प्रश्न आला नाही. मग तासाभराने दाराच्या चौकटीशी येऊन, पदर मुठीत धरून, अगदी हळू आवाजात, परक्या कचेरीत विचारावे तसे तिने विचारले, ‘गाडी... आली का?’ माझे शब्द ती विसरली होती. पण खिडकीतला माणूस रागावलेला आहे, एवढे मात्र तिच्यात कुठेतरी राहिले होते. त्या दिवसापासून ती मला विचारताना आधी माझ्या तोंडाकडे पाहते. बायकोला विचारताना पाहत नाही.

अकरा वाजता बायको झोपायला गेली. भाच्याला मी म्हटले, दर वेळी आपण विचारण्यापेक्षा काम झाले की कोठारानेच सांगावे, अशी सोय नसते का? असते, तो म्हणाला. तशी वर्दी लावून ठेवता येते. पण एका फायलीसाठी तो सगळा प्रपंच कोण मांडणार? मलाही पटले. आमच्या लहानपणी स्टँडसमोरच्या किराणा दुकानात टेलिफोन होता. निरोपाची व्यवस्था करता आली असती. तरी आई मलाच पाठवायची. विचारून आल्यावर तिला दहा मिनिटे बरे वाटायचे, एवढाच त्याचा उपयोग.

एका बाबतीत मात्र माझा कंट्रोलर या मुंबईच्या कोठारापेक्षा सरस होता. त्याच्याजवळ मधली उत्तरे असत. ‘पोफळी सोडली’ म्हणजे गाडी घाटाला लागली. मी ते घरी सांगितले की आईचा हात पोळपाटावर थांबायचा. ‘हेळवाक सोडलं’ म्हणजे घाट चढून गाडी वर आली. मग तवा चढायचा. इथे पडद्यावर रात्रभर तेच: चालू आहे, चालू आहे, चालू आहे. किती झाले, किती उरले, काही नाही. ‘आपला अर्ज हरवला असेल तर?’ मी विचारले. भाच्याने मला बरे वाटावे म्हणून तोच अर्ज पुन्हा केला. लगेच उत्तर आले, आधीचे काम चालूच आहे, आकडा 409. मी समाधानाने विडा जमवला.

दोनच्या सुमारास वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहिला, पण इंटरनेटचा डबा मेला. सव्वादोनला पडद्यावर लांबलचक लाल अक्षरे आली. मी धसकून भाच्याला हलवले. त्याने एक डोळा उघडून पाहिले आणि म्हणाला, ‘ते उत्तर नाही, मामा. खिडकीपर्यंत पोचताच आलं नाही, एवढंच. प्रोग्राम पुन्हा विचारेल. तिकडचं काम आपण विचारलं नाही तरी चालूच असतं.’ आणि पुन्हा झोपला. पुण्याची मुले कुठेही झोपतात.

मी जागाच होतो. अंधारात आई उठून बसलेली दिसली. ‘गाडी आली का रं?’ बायको झोपलेली. त्यामुळे उत्तर मलाच द्यायचे होते. मी तिच्या खाटेवर जाऊन बसलो. मी म्हणालो, ‘नाही.’ ‘येईल’ म्हणालो नाही, दरड म्हणालो नाही. ती म्हणाली, ‘पाऊस आहे.’ मी म्हणालो, ‘आहे.’ मग ती आडवी झाली. पंधरा-वीस मिनिटांनी तिने पुन्हा विचारले आणि मी पुन्हा तेवढेच सांगितले. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी अंधारात तिने माझे तोंड हाताने चाचपून पाहिले. साडेतीनला वीज आली.

सकाळी सव्वासातला, म्हणजे 43व्या प्रश्नाला, पडद्यावर ‘ट्रू’च्या जागी ‘फॉल्स’ उमटले. माझ्या पोटात गोळा आला. फॉल्स म्हणजे खोटे, चूक. शाळेच्या पेपरातली ती फुली. ‘अरे, बिघडलं!’ मी ओरडलो. भाचा धडपडत उठला, पडद्याकडे पाहून हसायला लागला. ‘मामा, प्रश्न काय आहे बघा. काम चालू आहे का? नाही. म्हणजे झालं!’ खाली तारीखही आली होती. वर काढलेली ही प्रत सात दिवस राहणार, मग काढून टाकली जाणार. मूळ वस्तू तळघरात आहे तशीच. भाच्याने लगेच ती आपल्या फोनवर आणि माझ्या फोनवर उतरवून घेतली.

मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. आधी खाकरणे आले. मग आबांचा आवाज: रात्री धुके उतरले की दिव्याचा उजेड उलटा डोळ्यांवर येतो, म्हणून दिवे खाली टाकायचे, कंडक्टरने बॅटरी घेऊन कडेकडेने पुढे चालायचे आणि आपण त्याच्या टाचांवर नजर ठेवायची. ‘रस्ता बघायचा नाही. माणूस बघायचा.’ मी एवढे लिहिले आणि पेन्सिल थांबली, कारण आई दारात उभी होती.

ती कोणाला काही न विचारता आत आली. पेटीशी, लॅपटॉपजवळ, भिंतीला टेकून बसली. सव्वा तास ती बसून होती. मध्ये एकदा आबा हसले तेव्हा तिने पदर सारखा केला. बायकोने चहा आणला, तर ‘त्यांना आधी’ अशी खूण केली. बायकोने कप लॅपटॉपशेजारी ठेवला. तो तिथेच गार झाला.

बोलणे संपले. मागे कुठेतरी, 2018 सालच्या दुपारी, कोंबडा आरवला आणि आवाज बंद पडला. आई थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे आधी पाहिले नाही.

‘गेले परत?’

‘हो,’ मी म्हणालो.

‘डबा नेला का?’